उत्तरेकडची भिंत

केनर्ड फॉल्स, मेन
१८ मे २००८

प्रिय फर्नांदताई,

तुझी तब्येत बरी असेल. माझी तशीच आहे. सकाळी छातीत घरघर होते. डॉक्टर म्हणतो वय झालं, म्हणजे त्याला काही कळत नाही. मे निम्मा सरला तरी मी स्वयंपाकघरात दोन स्वेटर घालून बसतो. रात्री अंथरुणात शिरलं की मगच जरा ऊब मिळते. पण पत्र त्यासाठी लिहीत नाही.

रोझेर घर सोलतोय.

तुला आठवत असेल, आम्ही दोघा भावांनी आपापल्या घरांवर बाहेरून एकदमच व्हिनाइलचं प्लास्टिक चढवून घेतलं होतं. माझ्यावर फिकट पिवळं, त्याच्यावर राखाडी. दर चार वर्षांनी शिडी लावून रंग द्यायची कटकट संपली, असं तेव्हा तोच म्हणाला होता. आता त्याची मुलगी सुझान बोस्टनहून आली आणि म्हणाली, "पप्पा, आजोबांनी लावलेलं लाकूड आत गुदमरतंय." लाकूड गुदमरतं हे मी चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. झालं, दुसऱ्या दिवशी हा शिडीवर. हातात वाकड्या टोकाची पट्टी. ती फटीत घालून ओढली की प्लास्टिकच्या पट्ट्या एकातून एक सुटून येतात, मक्याच्या कणसाची सालं निघावीत तशा.

मला त्याचं काही वाईट वाटत नाही. मला काळजी वाटते. तो एकाहत्तरचा आहे. जुन्या रंगात शिसं असतं, ते माझ्या टोमॅटोच्या रोपांवर पडेल. शिवाय वारा आला की त्याचा कचरा कुठे जाईल, तर माझ्याकडे. माझ्याकडे सगळंच येतं. बाबांनी दोन घरं बांधली तेव्हा उत्तरेकडचा तुकडा मला दिला आणि आडोशाचा त्याला. पन्नास वर्षं माझं घर नदीवरचा वारा अंगावर घेतंय आणि त्याचं घर माझ्या पाठीमागे उबेला बसलंय. हे मी बोलून दाखवत नाही. तुला म्हणून लिहिलं.

माझी जिल्बेर्त बरी आहे. ती म्हणते, तुला शुभेच्छा लिही. लिहिल्या.

तुझा भाऊ,
आल्सीद


टँपा, फ्लोरिडा
२ जून

प्रिय आल्सीद,

तुझं पत्र वाचलं. तुला काळजी वाटते म्हणतोस. लहानपणी रोझेरला नवे बूट आणले की तुला अशीच काळजी वाटायची, त्याचे पाय दुखतील म्हणून.

एक गोष्ट नीट कर. उत्तरेकडचा तुकडा तुला बाबांनी दिला नाही. तू मागितलास. तुझं लग्न आधी ठरलं, निवड तुझी होती, आणि तू म्हणालास की मला गिरणीच्या फाटकाजवळचा पाहिजे, सकाळी पाच मिनिटं जास्त झोपता येईल. मी तिथेच बटाटे सोलत बसले होते. बाबा म्हणाले होते, "तिकडे वारा आहे रे, तुझी छाती." तू म्हणालास, "मी आता पोर नाही." तो तुझ्या नवव्या वर्षीचा हिवाळा त्यांच्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता. तुझ्या फुप्फुसात पाणी झालं होतं, आणि त्या भाड्याच्या माडीवर खिडकीतून बर्फाची पूड तुझ्या पांघरुणावर यायची. बाबा कणकेच्या खळीने फटींना वर्तमानपत्रं चिकटवत बसायचे. आठवतं का?

माझे गुडघे आता पुन्हा प्रवास करू देतील असं वाटत नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा येऊन जाते. मला एकच पाहिजे. तुम्ही दोघं एका टेबलाशी, मध्ये घेवड्याचं मडकं, आणि कुणाचं तोंड फुगलेलं नाही. एवढं जमव. पुढच्या वेळी मी पेटीतून येईन.

तुझी ताई,
फर्नांद


केनर्ड फॉल्स
६ जुलै

प्रिय ताई,

पेटीबिटी लिहीत जाऊ नकोस. मला रात्री झोप लागली नाही.

तुकड्याबद्दल तुझं म्हणणं बरोबर असेल. माणसाला वयाच्या तेविसाव्या वर्षी काय कळतं? बापाला तरी कळायला पाहिजे.

आता इथली हकिकत. रोझेरच्या घराचा समोरचा भाग पूर्ण उघडा झाला. प्लास्टिकखाली फोमचे तक्ते होते, ते निघाले. त्याखाली फळ्या. ताई, मी खोटं सांगणार नाही. फळ्या चांगल्या आहेत. जुन्या कॉन्व्हेंट शाळेची इमारत पाडली तेव्हा बाबांनी उचलून आणलेलं ते पाइनचं लाकूड. सुझाननं जुना रंग खरवडून काढला तर आतलं लाकूड मधासारखं निघालं. एक गाठ नाही. मी माझ्या खिडकीतून पाहिलं, मग रात्रीच्या जेवणानंतर सहज फिरायला म्हणून गेलो आणि जवळून पाहिलं. एकही गाठ नाही.

लोक गाड्या थांबवतात. रविवारच्या मासच्या प्रार्थनेनंतर अर्धं चर्च त्याच्या फाटकाशी उभं होतं. पेपरवाला फोटो काढून गेला. त्या फोटोत कोपऱ्यात माझ्या घराचा पिवळा तुकडा आलाय, आजारी माणसाच्या जिभेसारखा. म्हातारा ओव्हिला, तोच, न्हाव्याच्या दुकानाचा, मला म्हणतो, "आल्सीद, तुझा बाप कारागीर होता रे." जसं काही मला माहीत नाही. मी म्हटलं, "माझंही घर त्यांनीच बांधलंय." तो म्हणाला, "हो का? ते प्लास्टिकच्या कारखान्यातनं आलं असं वाटायचं मला." आणि हसला. दात नाहीत आणि हसतो.

आपल्या गावात पद्धत काय आहे ती तुला सांगायला नको. चांगली फळी रस्त्याकडे, गाठीची मागे. ज्याच्या दाराशी स्वच्छ लाकूड, त्याचा मान. बाबा स्वतः कुणाचंही घर दिसलं की आधी दाराशेजारच्या फळ्या बघायचे आणि मग त्या माणसाबद्दल काय ते मत करायचे.

म्हणून मी विचार करतोय. माझ्याही पिवळ्याखाली तेच असेल. असणारच. माझं घर आधी बांधलं, म्हणजे ढिगातली वरची फळी माझी. मी थोरला. मग लोकांना बघू दे.

आल्सीद


टँपा
१७ जुलै

आल्सीद,

शिडीवर चढू नकोस. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तू पत्राची पहिलीच ओळ नीट वाचतोस.

ढिगाचं मला काही आठवत नाही. तुझं घर बांधलं त्या शरद ऋतूतलं मला फक्त कोटाचं भांडण आठवतं. बाबांचा तो लाकूडतोड्यांच्या छावणीतला लोकरी कोट, लाल-काळ्या चौकड्यांचा. एका संध्याकाळी तुझ्या घराच्या कामावरून नुसत्या शर्टात परत आले. आईनं विचारलं कोट कुठाय, तर म्हणाले हरवला. अंगावरचा कोट हरवतो? आई म्हणाली, गुत्त्यात गहाण टाकलास. तिनं त्यांना शनिवारी पाद्र्याकडे कबुली द्यायला पिटाळलं आणि परत आल्यावर दारातच विचारलं, "सांगितलंस का, प्यायलो म्हणून?" बाबा म्हणाले, "सांगितलं." मग आईनं त्यांना घेवडा वाढला. मी आणि रोझेर टेबलाखाली एकमेकांना लाथा मारत होतो, हसू येऊ नये म्हणून. तू तेव्हा जिल्बेर्तच्या मागे फिरत होतास, तुला काय माहीत.

तिकिटं काढलीत. ११ ऑक्टोबरला उतरते. जेवण रोझेरकडे ठरलंय, दुसऱ्या दिवशी, रविवारी. तुझ्याकडे नाही म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नकोस. जिल्बेर्तनंच फोनवर सांगितलं की तिला ओव्हन साफ करायचा कंटाळा आलाय.

फर्नांद


केनर्ड फॉल्स
३ सप्टेंबर

ताई,

ओव्हनचं मला कुणी सांगितलं नव्हतं. असो.

मी शिडीवर चढलो नाही. दार आणि उत्तरेकडचा कोपरा यांच्यामधला भाग खुर्चीवर उभं राहून करता येतो. जिल्बेर्तनं खुर्ची धरली होती आणि सगळा वेळ बोलत होती. "पडलास तर मी एकटी उचलणार नाही, रोझेरला हाक मारीन." मी म्हटलं, त्याला हाक मारलीस तर मी मेल्याचं सोंग करीन.

आधी कोपऱ्यावरची उभी पट्टी काढावी लागली, मग आडव्या सुटल्या. फोम फाडला. खाली फळ्या होत्या.

गाठी आहेत, ताई.

पहिल्याच फळीत तीन, एक तर माझ्या अंगठ्याएवढी, राळ गळून काळी पडलेली. मला वाटलं एखादी चुकून आली असेल. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच. दाराशेजारी. रस्त्याकडे. ज्या बापानं दुसऱ्याच्या दारातली एक गाठ बघून नाक मुरडलं, त्यानं माझ्या दारात हे लावलं, आणि स्वच्छ लाकूड जपून ठेवलं. कुणासाठी, ते आता अख्ख्या गावाला दिसतंय. रंगवून.

जिल्बेर्त म्हणाली, "फळीच ना ती? पाणी आत येत नाही ना?" ती पिकार्द घराण्यातली, त्यांच्याकडे सगळंच विटांचं. तिला नाही कळायचं.

तेवढ्यात रोझेर कुंपणाशी आला. हातात ब्रश, मिशीला हिरवा रंग. म्हणाला, "काय दादा, तूही सुरू केलंस? मदत लागली तर सांग." मी पटकन फोम पुढे धरला. तो म्हणाला, "लाकूड कसंय?" मी म्हटलं, "तुझ्या तोलाचं नाही. तुला माहीतच असेल, बाबांबरोबर हाताखाली तूच होतास. फळ्या वेगळ्या काढताना माझी आठवण झाली नाही ना तुला?" तो म्हणाला, "मी वीस वर्षांचा होतो. मी खिळे द्यायचो." आणि गेला.

खिळे द्यायचो, म्हणे.

मी सगळं होतं तसं परत लावून टाकलं. लावलं म्हणजे अडकवलं. कोपऱ्याची पट्टी काही नीट बसेना, तर तशीच टेकवून ठेवली. उघडून करायचंय काय? ओव्हिलाला दाखवायचं?

मी चौथीतून शाळा सोडली कारण आजारपणात वर्ष गेलं. रोझेर आठवीपर्यंत गेला. बाबा छावणीवर जाताना त्याला घेऊन जायचे, मला म्हणायचे, "तू घरात बस, थंडी आहे." सगळं आयुष्य मला घरात बसवलं. मी म्हणत होतो बापाला धाकटा जास्त आवडायचा, तर तू म्हणायचीस मी वेडा आहे. आता फळीवर लिहिल्यासारखं दिसतंय.

रविवारच्या जेवणाला मी येणार नाही. तू माझ्याकडे येऊन भेट. त्याच्या त्या दारातून मी आत जाणार नाही.

आल्सीद


टँपा
२९ सप्टेंबर

आल्सीद,

तीन आठवडे झाले. तुला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा जिल्बेर्त म्हणाली, "तो पडद्यामागे उभा आहे." रोझेरचाही फोन आला होता. विचारत होता, दादाला मी काय केलं. मी काय सांगू त्याला? की तुझा दादा चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या बापावर रुसलाय, लाकडात गाठ होती म्हणून?

बाबांना कोण जास्त आवडायचं हे मला खरंच माहीत नाही. मी मुलगी, मला तर घरही मिळालं नाही, एक शिवणयंत्र मिळालं. मी कधी त्याचा पाय उघडून बघितला नाही, आत चांगलं लोखंड आहे की वाईट.

पण तुझ्या पत्रातली एक ओळ मला झोपू देत नाही. "तू घरात बस, थंडी आहे." हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. पुन्हा वाच.

टेबल एकच असेल आणि ते रोझेरकडे. मी दोन घरी दोनदा जेवायला येत नाही. मी माझ्या भावांना भेटायला येते. भाऊ एकवचनात असतील तर मी तिकीट परत करते, उशीर झालेला नाही.

फर्नांद


केनर्ड फॉल्स
६ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

तिकीट परत करू नकोस. आधी हे सगळं वाच.

काल आम्ही मासला होतो. प्रवचनाच्या मध्येच वारा सुटला, खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. पाद्री थांबला आणि मला उगाच वाटलं की तो माझ्याकडेच बघतोय. मला तेव्हाच कोपऱ्याची पट्टी आठवली. मी जिल्बेर्तच्या कानात म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "प्रसाद घेतल्याशिवाय उठलास तर देव बघेल." म्हणून बसलो.

घरी आलो तर उत्तरेची अख्खी भिंत नागडी. टेकवलेल्या पट्टीच्या फटीतून वारा आत घुसला होता आणि प्लास्टिक एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सोलत गेला होता. रोझेरला सगळा उन्हाळा लागला, वाऱ्याला एक प्रार्थना पुरली. पिवळ्या पट्ट्या सगळ्या रोझेरच्या अंगणात. त्याच्या नव्या रंगावर, त्याच्या गुलाबांवर, एक तर टीव्हीच्या तारेवर. आणि तो मासला न जाता त्या गोळा करत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हे तुझं आहे का?" दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो.

मी उत्तरेकडे गेलो. तिकडे कुणी जात नाही. खाली नदी, मध्ये झुडपं, हिवाळ्यात पालिकेची गाडी बर्फ आणून टाकते ती जागा. माझ्या झोपायच्या खोलीची भिंत ती. पन्नास वर्षं मी तिच्याशी डोकं लावून झोपलो, बाहेरून धड पाहिली नव्हती.

स्वच्छ लाकूड, ताई. तळापासून छपरापर्यंत. एक गाठ नाही. रोझेरच्या दाराशी आहे त्याहून सरळ. आणि फळ्या एकमेकींवर इतक्या चढवलेल्या की उघडी कड जेमतेम तीन बोटं. इतक्या दाट फळ्या कुणी लावत नाही, दुप्पट लाकूड लागतं. आणि असली फळी मागच्या बाजूला तर कुणीच लावत नाही. चांगली फळी रस्त्याकडे, ही पद्धत बाबांनीच सगळ्यांना शिकवली होती.

जिल्बेर्त मागून आली. म्हणाली, "तुला स्वयंपाकघरात थंडी वाजते, चर्चमध्ये वाजते, ऑगस्टमध्ये वाजते. या खोलीत वाजते असं कधी म्हणाला नाहीस."

मी खिडकीकडे बघत होतो. प्लास्टिकवाल्यांनी खिडकीच्या चौकटीवरून आरपार खिळे मारले होते. वाऱ्यानं प्लास्टिक उचकटलं तसं चौकटीबाहेरचं लाकूडही निघून लोंबत होतं. मागे भिंत आणि चौकट यांच्यात बोटभर फट. फटीत काहीतरी ठासून भरलेलं. मी बोटानं ओढलं. कापडाची पट्टी निघाली. कात्रीनं सरळ कापलेली, दुहेरी घडी केलेली.

लाल-काळ्या चौकड्यांची.

चारी बाजूंनी तीच. एका ठिकाणी बटणही होतं. माझ्या डोक्याशी, उशीच्या उंचीवर, सगळ्यात जाड थर. बाबा बटण काढायला विसरले किंवा त्यांना घाई होती. आई विचारील हे त्यांना माहीत असणार. ताई, ते गुत्त्यात गेलेच नव्हते. पाद्र्यासमोर गुडघे टेकून न प्यालेल्या दारूची कबुली देऊन आले, आणि घेवडा खाल्ला.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो. मग काय झालं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी उठलो आणि रोझेरला बोलवायला गेलो. रडायला नव्हे. दाखवायला. सगळा उन्हाळा त्यानं दाखवलं, आता माझी पाळी होती.

तो आला. पट्टी हातात घेतली. कापडाचा वास घेतला, जसा आपण पावाचा घेतो. आणि त्याचा चेहरा पडला. मला तो चेहरा ओळखीचा आहे. मे महिन्यापासून दाढी करताना मी तो रोज बघतोय.

"मला म्हणाले हरवला," तो म्हणाला.

"आईलाही तेच म्हणाले."

"मी माझा दिला त्यांना. पहिल्या पगारातून घेतलेला. दोन आठवडे घातला असेल. छावणीवर म्हातारा शर्टात काम करणार होता, मग काय करू? मी तो हिवाळा दोन स्वेटरांवर काढला, दादा. कानाची पाळी थंडीनं गेली ती त्याच हिवाळ्यात."

त्याच्या डाव्या कानाचा तुकडा नाही, तो मला वाटायचं करवतीनं गेला. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तो म्हणाला, "माझ्या भिंतीत काही नाही. मी सगळी उघडून बघितली. नुसता डांबरी कागद."

"तुझ्या दारात फळ्या आहेत," मी म्हटलं.

"फळ्या शाळेच्या. फुकट आलेल्या."

आम्ही दोघं तिथे उभे होतो, दोन म्हातारे, एका चिंधीकडे बघत. वारा होताच. मी मासच्या पातळ कोटात कुडकुडायला लागलो आणि खोकलो. रोझेर वळून घरात गेला. मला वाटलं, रागावला. परत आला तो हातात एक कोट घेऊन. हिरव्या-काळ्या चौकड्यांचा. बाबा शेवटपर्यंत घालायचे तोच. मला तो बाबांचाच वाटायचा. त्यानं तो माझ्या खांद्यांवर टाकला आणि म्हणाला, "घाल. थंडी आहे."

आता मी काय ठरवलंय ते सांगतो. समोरचं प्लास्टिक राहू दे. उत्तरेची भिंत मात्र उघडी ठेवणार, रंगवणार, आणि ती चौकट परत ठोकताना कापड आतच ठेवणार. बटण मी ठेवून घेतलंय. ओव्हिला म्हणतो, अख्ख्या गावात फक्त मागची बाजू सजवलेलं घर तुझंच. म्हणू दे. रोझेर शनिवारी खरवडायला येणार आहे, शिडीवर तोच चढेल, मी खिळे देईन.

रविवारी जेवायला येतो. घेवडा आम्ही आणतो, ओव्हन साफ केलाय.

फक्त एक गोष्ट मला रात्रभर सलत होती, ती तुलाच सांगतो. माझ्यासाठी बाबांनी कोट फाडला, हे खरं. पण अकरा वर्षं अंगावर घातला तो रोझेरचा. मरायच्या दिवशीही तोच होता. बाह्यांना अजून त्यांच्या कोपरांचा आकार आहे.

मला तो जरा आखूड होतो. आत्ता तोच घालून लिहितोय. रोझेरनं परत मागितलेला नाही, आणि मी अजून विषय काढलेला नाही.

तुझा,
आल्सीद